बोट न लगाएँ

मालूवहिनींच्या घरी लोणच्याच्या बरणीला स्वतःचा चमचा होता आणि त्या चमच्याला भिंतीत स्वतःचा खिळा होता. साखरेचा चमचा वेगळा, तुपाचा वेगळा, मेतकुटाचा वेगळा. एका डब्याचा चमचा दुसऱ्यात गेला तर त्या काही बोलत नसत, फक्त बघत. ते बघणं असं होतं की माणूस आपणहून उठून चमचा धुवायचा. आमच्या ह्यांचं एकदा त्यांच्याकडे चहात बिस्किट तुटलं. ह्यांनी साखरेच्या चमच्यानं ते कपातून काढलं आणि चमचा परत साखरेत ठेवला. वहिनींनी हसून आणखी चहा दिला, आणि आम्ही घरी गेल्यावर डब्यातली सगळी साखर अंगणात मुंग्यांना घातली. मी आमच्या गच्चीवरून पाहिलं म्हणून कळलं.

उष्टं हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा शब्द. पण ते देवाधर्माचं नव्हतं हं. सोवळंबिवळं काही नाही, कुणाच्याही हातचं खायच्या. म्हणायच्या, “जे संपलं ते संपलं. पण जे अजून वापरायचंय त्यात बोट घालायचं नाही. एवढंच.”

इंदूरच्या सुदामा नगरात आमची घरं समोरासमोर. मी बोलघेवडी आणि त्या मोजकं बोलणाऱ्या, म्हणून आमचं जमलं. मी अर्धा तास बोलायची आणि त्या शेवटी एक वाक्य टाकायच्या, की माझं अर्ध्या तासाचं बोलणं त्यात मावून जायचं. मला म्हणायच्या, “नलू, तुझं तोंड उघडतं छान. मिटत नाही.”

त्यांचे यजमान वसंतराव मिलमध्ये सूतकताईच्या खात्यात होते. तिथली हवा मुद्दाम दमट ठेवतात, नाहीतर धागा तुटतो. धागा तुटायचा नाही पण माणूस भिजून निघायचा. वसंतराव पाळी संपवून आले की वहिनी दारातच म्हणायच्या, “अहो, आधी नळ.” त्या घामाच्या वासावर वहिनींनीच घरी एक मलम केलं. तुरटीची वस्त्रगाळ पूड, खोबरेल, मेण आणि वाळ्याचं अत्तर. आंघोळ झाली की काखेत थोडंसं चोळायचं. वसंतरावांना ते लागू पडलं, मग खात्यातले दोस्त मागायला लागले, मग त्यांच्या बायका. वहिनी चपट्या डब्यांत भरून द्यायच्या. धंदा असा तो नव्हता, हळदीकुंकवात हातात डबी टेकवावी तितकंच.

मग मिल बंद झाली. एका दिवसात नाही झाली. आधी एक पाळी गेली, मग पगार मागे पडायला लागला, मग गेटावर नोटीस, मग गेटावर नोटीस वाचणारे लोक, मग तेही नाहीत. वसंतराव सकाळी सवयीनं डबा मागायचे आणि मग ओसरीवर बसून तो खायचे.

नागपूरला त्यांचे मोठे भाऊ होते. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला तिखट. त्यांनी कळवलं की घरामागची खोली रिकामी आहे, तुमच्या पोरीची परीक्षा झाली की सगळे इकडेच या. वसंतरावांनी जवळजवळ हो म्हटलं होतं. वहिनी म्हणाल्या, “हा उन्हाळा जाऊ द्या.”

“उन्हाळ्यात काय होणारे?”

“मलम विकीन.”

“अगं, मिल बंद, घाम बंद! घेणार कोण?”

“घाम काय मिलवाल्यांनाच येतो?” वहिनी म्हणाल्या. “उन्हाळ्यात नाही खपलं तर कधीच खपणार नाही. मग मी स्वतः भांडी बांधीन.”

त्या खोलीला वेगळी चूल नव्हती. जेवण दिरांच्या स्वयंपाकघरात. मला वहिनी एवढंच म्हणाल्या, “नलू, तिथं माझा एकही खिळा नसेल.”

आता मलम विकायचं म्हणजे दुकानात ठेवायला हवं. राजवाड्यापाशी कांतिलालजींचं बांगड्या, टिकल्या, पावडरींचं दुकान होतं. त्यांनी महिनाभर डब्या ठेवून पाहिल्या आणि मग वहिनींना बोलावलं. मी सोबत होतेच.

“भाभीजी, माल एक नंबर,” ते म्हणाले. “पर ये डिब्बी नहीं चलेगी. औरतें आती हैं, ढक्कन खोलती हैं, उंगली डालती हैं, सूँघती हैं, रख देती हैं. दूसरी आती है, गड्ढा देखती है, बोलती है, ये तो किसी का जूठा है!”

जूठा म्हटल्याबरोबर वहिनींचा चेहरा असा झाला, जसं काही कुणी त्यांच्या घरात बूट घालून शिरलं.

“और गर्मी में पिघल के बाहर आएगा. पर्स ख़राब, साड़ी ख़राब, गाली मेरे को. आप ऐसी पैकिंग लाओ कि उंगली डालनी ही न पड़े. फिर देखो, काउंटर पे सबसे आगे रखूँगा.”

टेम्पोत वहिनी एका डबीचं झाकण उघडत-मिटत बसल्या होत्या. मी मात्र बोलून राहिले होते. अन्नपूर्णेच्या देवळापाशी उतरल्यावर म्हणाल्या, “बरोबर बोलला तो. मीच इतके दिवस लोकांना उष्टं विकून राहिले होते.”

तेव्हापासून ते घर म्हणजे कारखाना झालं.

मिलवाल्यांच्या घरी मिलमधल्या जुन्या कांड्या असायच्याच. सूत गुंडाळायच्या प्लॅस्टिकच्या पोकळ नळ्या त्या. कुणी पडद्याला लावायचं, पोरं खेळायची. वहिनींनी एका कांडीत मलम भरलं आणि खालून लाकडी दट्ट्यानं ढकललं. वरून मलमाचा गोळा टुपकन वसंतरावांच्या मांडीवर. “हे काखेचं आहे का मांडीचं?” वसंतराव म्हणाले. मिल बंद झाल्यापासून त्यांनी केलेला तो पहिला विनोद, म्हणून माझ्या लक्षात आहे.

दट्ट्या एकदम जातो, हळू जायला हवं. हळू काय जातं? शेवेचा सोऱ्या! इंदूरच्या बाईला दुसरं काय सुचणार. वरचा दांडा फिरवला की आतली तबकडी सरकते आणि पीठ जाळीतून बाहेर येतं. वहिनींनी सोऱ्यात मलम भरलं, दांडा फिरवला, आणि ताटलीत मलमाची छान शेव पडली. पण मग तो सोऱ्या स्वयंपाकातून बाद. त्यांनी तो बाहेर कोनाड्यात ठेवला. मला काय ठाऊक! पाहुणे यायचे होते, मी घाईत कोनाड्यातला सोऱ्या उचलून आणला, गरम पाण्यानं धुतला आणि शेव पाडली. पाहुणे म्हणाले, शेव एकदम ख़ुशबूदार आहे, मसाला कोणता? वहिनी समोरच बसल्या होत्या. त्यांनी आपली बशी हळूच खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. ते चमच्यावालं बघणं.

तर सोऱ्याची युक्ती कांडीत आली. तळाला चाक, चाकाला आटे, आट्यांवर तबकडी. चाक फिरवलं की तबकडी मलमाला वर ढकलणार. वसंतरावांना पूर्वी खात्यात मशिनी जुळवायची सवय, ते हळूहळू यात पडले. सकाळचा डबा मागणं बंद झालं.

पण एक अडचण. चाक थांबवलं तरी मलम थोडा वेळ येतच राहायचं. टोकाशी लाळ सुटल्यासारखं. झाकण लावलं की झाकणात लडबड. वसंतराव म्हणाले, “सोपं आहे की. वापरून झालं की चाक अर्धा वळसा उलटं फिरवायचं. मलम आत ओढलं जाईल.”

“काखेला लागलेलं मलम आत जाईल?” वहिनी म्हणाल्या.

“जरासं.”

“म्हणजे आतलं सगळं उष्टं.”

“अगं, स्वतःचंच ना ते? स्वतःच्या काखेचं कसलं उष्टं?”

“बाहेरचं पुसता येतं,” वहिनी म्हणाल्या. “आत गेलेलं पुसता येत नाही.”

झालं. तिथं काम अडलं. सगळ्या गल्लीत हीच चर्चा. सगळ्यांचं म्हणणं, वहिनी उगीच ताणतात, अर्ध्या वळशानं काम होतंय तर होऊ द्या, उन्हाळा तोंडावर आला. वहिनी ऐकून घ्यायच्या. चाक उलटं फिरूच नये म्हणून त्यांनी वसंतरावांकडून त्याला आतून एक अडसर मात्र बसवून घेतला.

शेवटी उत्तर मिळालं ते माझ्या भाचीच्या तान्ह्या पोराकडे. मी त्याला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजत होते आणि बोलत होते. वहिनी त्या बाटलीच्या रबरी बुचाकडे टक लावून बघून राहिल्या. मग बाटली माझ्या हातातून काढून उलटी धरली. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. दूध मात्र गळत नव्हतं. बुचाला भोक नव्हतंच, बारीकशी फुलीसारखी चीर होती. ओढलं की उघडायची, सोडलं की मिटायची.

“ओठ,” वहिनी म्हणाल्या. “ओठ हवेत त्याला. बोलून झालं की मिटले पाहिजेत.” आणि बाटली परत देताना, “तुझ्यासारखे नाही. माझ्यासारखे.”

रबराचे ओठ आठवडाभर छान चालले, मग तेलानं फुगून वाकडे झाले. तेव्हा तुपाच्या डब्याच्या मऊ प्लॅस्टिकच्या झाकणातून गोल कापून त्याला फुली मारली. ते टिकलं. पोलोग्राउंडला रफ़ीक भियांचा, आमच्याकडे भैयाला भिया म्हणतात, प्लॅस्टिकचा लहानसा कारखाना होता, त्यांच्याकडे आम्ही नमुना घेऊन गेलो. रफ़ीक भियांनी तो फिरवून-फिरवून पाहिला.

“भाभीजी, ये है क्या? काजल की डिब्बी का बाप?”

“बग़ल का मलम है भिया. उंगली नहीं लगती.”

“और चक्का उल्टा क्यूँ नहीं घूमता?”

“उल्टा नहीं घूमना चाहिए.”

रफ़ीक भियांनी आमच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “भिया, मत पूछो. बहुत लंबी बात है.” त्यांनी नाही विचारलं. साचा मात्र असा केला की काय सांगू.

मग सुरू झाली रुमालाची परीक्षा. गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या पर्समध्ये एक-एक कांडी, पांढऱ्या रुमालात गुंडाळून. उन्हात हिंडायचं, गच्चीवर ठेवायची, बसमधून जायचं. आणि वहिनी भेटतील तिथं रुमाल तपासणार. तुकोगंजात एका लग्नात मी पैठणी नेसून, नवरीच्या आत्याशी बोलत उभी. वहिनी आल्या, माझ्या खांद्यावरची पर्स उघडली, रुमाल काढला, दिव्याकडे धरून पाहिला, परत ठेवला, “बरं आहे,” म्हणाल्या आणि जेवायला गेल्या. आत्याबाई म्हणाल्या, “ह्या कोण? पोलिसातल्या का?”

एप्रिलमध्ये नागपूरचे मोठे दीर स्वतः आले, न्यायलाच. घरभर कांड्या पाहून म्हणाले, “आपल्या घराण्यात आजवर मास्तर झाले, कारकून झाले. काखेचा धंदा पहिलाच!” वसंतरावांची मान खाली गेली. दिरांनी बॅगेतून एक गुळगुळीत बाटली काढली. त्यांच्या मुलीनं मुंबईहून आणली होती, बाहेरच्या कंपनीची. टोकाला एक गोळा. “हे बघ मालू. आता बाहेरचा माल धडाधड येऊन राहिलाय. गोळा फिरवला की काम झालं. तुझी कांडी कोण घेणार?”

वहिनींनी बाटली हातात घेतली. अंगठ्यानं गोळा फिरवून पाहिला. “भाऊजी, हा गोळा काखेत फिरतो?”

“हो.”

“आणि फिरत-फिरत परत आत जातो? औषधात?”

“हो, म्हणजे...”

वहिनींनी बाटली हळूच त्यांच्यापुढे ठेवली आणि उठून हात धुऊन आल्या. दिरांनी ती बाटली मग कुणाला न दाखवता बॅगेत टाकली. जाताना मात्र ठणकावून गेले, “उन्हाळा संपेपर्यंत वाट बघीन. मग ती खोली मी ठेवणार नाही.”

तेव्हा सगळं त्या पहिल्या मालावर होतं. रफ़ीक भियांकडून कांड्या आल्या, मलम भरलं, फक्त कागद चिकटवायचा राहिला. नाव साधंच, ‘वाळा मलम’. खाली एक ओळ हवी, म्हणजे लोक जुन्या सवयीनं टोक उपटून आत बोट घालणार नाहीत. वहिनींनी ती ओळ स्वतः हिंदीत लिहिली, ठळक अक्षरात. वसंतरावांनी वाचली, मी वाचली. छापखानाही मराठी माणसाचाच, त्यांनी वाचली. छापून आली. आम्ही बसून सगळ्या कांड्यांना चिकटवली. कांतिलालजींच्या काउंटरवर सगळ्यात पुढे मांडली.

कांतिलालजींनी चष्मा लावला. कांडी डोळ्यांजवळ नेली.

“भाभीजी, ये बोट कौन सी नहीं लगानी है?”

“जी?”

“लिखा है ना, ‘बोट न लगाएँ’. सिरपुर तालाब में चलाने का आइटम है क्या?”

दुकानातल्या दोन बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, “जीजी, नाव लगाने को कौन बोल रिया था!”

वहिनींनी कांडी उचलली. वाचली. मग शांतपणे मला विचारलं, “नलू, हिंदीत बोटाला काय म्हणतात?”

“उंगली.”

“मग तू काय वाचलंस?”

“बोट.”

“मीही.”

आमचं इंदूरवाल्यांचं हे असंच. आपण हिंदी बोलतोय असं आपल्याला वाटतं, आणि मराठी बोलतोय असं समोरच्याला. दोन्हीकडचे आपल्याला हसतात. पण त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. पुन्हा छापायचं तर लग्नसराई निघून जाणार. वसंतराव घरी कपाळ धरून बसले. म्हणाले, “दादा बरोबर म्हणत होते.” भिंतीवरच्या चमच्यांकडे मी पाहिलं आणि मलाच कसंतरी झालं.

वहिनी म्हणाल्या, “असू दे. लोक विचारायला तरी येतील.”

आणि अहो, आले! ती हसलेली बाई दुसऱ्या दिवशी जाऊबाईंना दाखवायला घेऊन आली, ही बघ नाववाली क्रीम, होडीवाली. जाऊबाईंनी चाक फिरवलं, मलम आलं, ओठ मिटले, बोटाला काही नाही. त्यांनी घेतली. कॉलेजच्या पोरी यायच्या, “भिया, वो बोट वाली देना.” मे महिना असा तापला की रस्त्याचं डांबर चपलेला यावं, पण एकही कांडी गळून परत आली नाही. कांतिलालजींनी माणूस पाठवून माल मागवला.

उन्हाळा उतरला तेव्हा वहिनी मला घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेल्या. नागपूरला फोन लावला. पलीकडून दीर बराच वेळ काहीतरी बोलत होते. वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “भाऊजी, मागची खोली भाड्यानं देऊन टाका.” आणि फोन ठेवला. येताना मी शंभर प्रश्न विचारले. त्यांचं बोलून झालं होतं.

दिवाळीच्या मालाला त्यांनी कागद सुधारून घेतला. चूक कळल्यावर ती तशीच ठेवणं त्यांच्यानं होणार नव्हतंच. नवीन ओळ छापली, ‘उंगली न लगाएँ’, एकदम शुद्ध. आठ दिवसांत कांतिलालजी हात जोडून घरी.

“भाभीजी, ये क्या कर दिया? ग्राहक नहीं ले रहे. बोलते हैं नक़ली माल है. असली पे तो बोट लिखा रहता है!”

वसंतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. वहिनी हसल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, “मग चूकच बरोबर आहे.” परत जुना कागद आला. तो शेवटपर्यंत राहिला.

शेवटपर्यंत म्हणजे बरीच वर्षं. पोरीचं शिक्षण झालं, लग्न झालं, घरावर एक मजला चढला. मग दुकानांतून काच आली, एसी आला, फवाऱ्याच्या डब्या आल्या, त्यात बोटाचा प्रश्नच नाही. कांतिलालजींच्या मुलानं हळूहळू मागवणं बंद केलं. वहिनींनी एक फवारा आणवला, मारून पाहिला. “हे बरं आहे,” म्हणाल्या. “ह्यात काही परत आत जात नाही.” आणि कामाचे डबे घासून माळ्यावर ठेवले. कुरकुर नाही, उसासा नाही.

वसंतराव गेल्यावरही त्या त्याच घरात राहिल्या. मुलगी न्यायला यायची, त्या भिंतीकडे बोट दाखवायच्या. तिथं चमचे होते. शेवटी मुलगीच येऊन राहिली.

मी शेवटचं पाहिलं तेव्हा त्या खालच्या खोलीत पलंगावर होत्या. शब्द जवळजवळ बंद झाले होते. मी जाऊन बसायची आणि बोलायची. त्या डोळ्यांनी ऐकायच्या. दुपारची वेळ होती. नवीन ठेवलेली नर्स, खरगोनकडची गोड पोरगी, पाठीला मलम लावायला आली. तिनं मलमाच्या मोठ्या बरणीचं झाकण काढलं आणि दोन बोटं सरळ आत घातली.

“बोट,” वहिनी म्हणाल्या.

मी दचकलेच. किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला.

पोरगी वाकली. “क्या अम्मा? बोट? कौन सी बोट?” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “आंटी, अम्मा को नाव दिख रही है क्या? हमारे यहाँ बोलते हैं, आख़री में नदी दिखती है.”

मला हसू का रडू झालं. वहिनी माझ्याकडे बघून राहिल्या होत्या. ते चमच्यावालं बघणं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, भिंतीवरचा, कुठल्याच डब्याचा नसलेला एक चमचा काढला, धुतला, पुसला आणि आणून पोरीच्या हातात दिला.

“उंगली नहीं बेटा. इससे निकालो. अब ये चम्मच इसी का.”

तिनं चमच्यानं मलम काढलं. झाकण लावलं. वहिनींनी सगळं नीट होईपर्यंत पाहिलं, आणि ओठ मिटले.